मेळावे पुष्कळ झाले, आता ऑर्डर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमधलं एक महिला मंडळ गेली काही वर्षं उद्योजकता शिबिरं घेतंय. केक, मसाले, मेणबत्त्या, कापडी पिशव्या, ब्युटी पार्लर असं सगळं शिकवून झालं. हॉल दरवेळी भरतो, आठ मार्चला सत्कार होतात. पण वर्ष-दोन वर्षांनी विचारलं तर व्यवसाय चालू असलेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्याच उरतात. जास्त बायकांनी उद्योगात यावं म्हणून मंडळाने काय करावं, आणि हाताशी थोडा निधी आहे तो कुठे घालावा?

मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात होते आणि आता छोट्या उद्योगांचे प्रकल्प अहवाल आणि हिशेब बघते. त्यात बायकांचे उद्योग पुष्कळ. त्या अनुभवावर सांगते, ताई, आणि जरा स्पष्टच सांगते.

बायकांना उभारी देण्याची, त्यांचा आत्मविश्वास वाढवण्याची भाषा आपल्याकडे फार चालते. मला ती पटत नाही. सिडकोच्या दोन खोल्यांत बसून दिवाळीत शंभर किलो फराळ करणाऱ्या बाईकडे आत्मविश्वास कमी आहे, असं म्हणण्याची माझी तरी हिंमत नाही. बायका सुरुवात करतात, भरपूर करतात. अडतं ते पुढे. सहाव्या आर्थिक गणनेत (ती २०१३-१४ मध्ये झाली) देशातल्या एकूण आस्थापनांपैकी १३.७६ टक्के बायकांच्या मालकीच्या निघाल्या. हा आकडा भाषणांत बऱ्याचदा येतो. त्याच्या शेजारचा येत नाही: या आस्थापनांपैकी सुमारे ८३ टक्के ठिकाणी पगारी माणूस एकही नव्हता. म्हणजे मालकीणही तीच आणि मजूरही तीच. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची नोंदणी होते त्या सरकारी उद्यम पोर्टलचं चित्र फार वेगळं नाही. केंद्र सरकारने २०२४ च्या सुरुवातीला दिलेल्या आकड्यांप्रमाणे तिथे नोंदलेल्या उद्योगांपैकी २०.५ टक्के बायकांचे, पण उलाढालीत त्यांचा वाटा १०.२२ टक्के.

त्यामुळे ‘किती जणींनी सुरू केलं’ हे मोजणं मंडळाने सोडून द्यावं असं माझं मत आहे. किती जणींनी मदतीला पहिली पगारी बाई ठेवली, ते मोजा. तिथपर्यंत पोचलेला उद्योग सहसा टिकतो. न पोचलेला उद्योग घरातलं पहिलं आजारपण, पहिलं लग्न किंवा मुलाची दहावी आली की बंद पडतो, कारण तो एकाच जोडी हातांवर उभा असतो.

मग पगारी बाई ठेवली का जात नाही? उत्तर बहुतेक वेळा किमतीत सापडतं. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांचं उदाहरण घेऊ. पेठ-सुरगाण्याकडची नागली आपल्याकडे सहज मिळते, आणि पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत हे पापड करणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. नागली धुवायची, वाळवायची, दळायची, पीठ वस्त्रगाळ करायचं, पापडखार-मीठ-तीळ घालून उकड काढायची, गरम असतानाच मळायची, लाट्या करायच्या, दाबायचे, गच्चीवर घालायचे, ढग आले की पळत जाऊन उचलायचे. आता हिशेब मांडू. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्याकडच्या बायकांनी आपापले घालावेत. एका किलोला साहित्य ९० रुपये, दळण-गॅस १५, पिशवी आणि लेबल २०, तुकडे नि तूट १५. झाले १४०. ती विकते २०० ला आणि सांगते, ‘किलोमागे साठ सुटतात.’

या साठमध्ये तिचे दोन तास आहेत. म्हणजे ताशी तीस रुपये. शेजारच्या बाईला मदतीला बोलावलं आणि ताशी साठ द्यायचे ठरवले, तर किलोला १२० रुपये मजुरी होते, खर्च २६० वर जातो आणि २०० ला विकलेल्या प्रत्येक किलोवर साठ रुपये खिशातून जातात. ऑर्डर जितकी मोठी तितका तोटा मोठा. ती मोठी ऑर्डर नाकारते, आणि आपण म्हणतो, ‘बायकांना रिस्क घ्यायला नको.’ तिचं गणित आपल्यापेक्षा पक्कं असतं. फक्त ते तिने कागदावर मांडलेलं नसतं.

खरी किंमत काय हवी? मजुरी धरून २६०, त्यावर जागा, झीज आणि स्वतःचा नफा मिळून ४० धरा, म्हणजे घरातून निघताना ३०० रुपये. रविवार कारंजावरच्या दुकानदाराने छापील किमतीवर पंचवीस टक्के मागितले तर पाकिटावर ४०० लिहावे लागतात. ४०० म्हटलं की बायका दचकतात. ‘एवढ्याला कोण घेणार?’ कोणी घेणार नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं, यंत्रासाठी कर्ज काढल्यावर नको. मग वस्तू बदला, वजन बदला, दाबयंत्र घेऊन दोन तासांचा पाऊण तास करा. पण स्वतःची मजुरी शून्य धरून स्वस्त विकणं बंद करा. तुमच्या शिबिरातला एकच दिवस मला मिळाला तर मी दुसरं काही शिकवणार नाही, प्रत्येकीला तिच्या एका वस्तूचा हा हिशेब करायला लावीन. घड्याळ लावून.

दुसरी अडचण मला बँकेच्या खुर्चीतून रोज दिसायची. दुकानावर पाटी तिच्या नावाची असते, काउंटरवरचा क्यूआर कोड मात्र नवऱ्याच्या खात्याचा असतो. का, तर ‘बँकेला त्यांचा मोबाइल नंबर जोडलेला होता’, किंवा ‘माझ्या फोनमध्ये नेट नसतं’. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण तीन वर्षांनी ती पाच लाखांचं कर्ज मागायला येते तेव्हा तिच्या खात्यावर काय दिसतं? गॅसचं अनुदान, बचत गटाचा हप्ता, अलीकडे लाडकी बहिणीचे पंधराशे. विक्री शून्य. शाखेतला अधिकारी चांगला असला तरी त्याच्या हातात काही नसतं. तो कागदावर जे दिसतं तेवढ्यावरच सही करणार. दोन्ही खाती एकाच घरातली, पण बँकेच्या लेखी धंदा नवऱ्याचा.

म्हणून माझ्याकडे नवीन बाई आली की मी कर्जाचं बोलतच नाही. आधी तिच्या नावाचं चालू खाते, तिचा नंबर, तिचा क्यूआर. उद्यम नोंदणी, जी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि मोफत आहे. (हजार-दोन हजार घेऊन ‘उद्यम काढून देतो’ म्हणणारे एजंट आहेत. द्यायचे तर मेहनतीचे शे-दोनशे द्या. सरकारी फी म्हणून एक पैसाही देऊ नका.) खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आणि पाकिटावर तो चौदा अंकी क्रमांक. मग बारा महिने सगळी विक्री त्या खात्यातून. रोखीचे पैसेसुद्धा आधी भरायचे, मग काढायचे. हे बारा महिने कंटाळवाणे असतात आणि त्यांचा कोणी सत्कार करत नाही. पण तेराव्या महिन्यात बँकेत बसल्यावर बोलण्याची पद्धतच बदलते.

कर्ज आणि अनुदानाबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून जरा थांबून सांगते. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात बायकांना विशेष गटात धरतात. स्वतःचा वाटा पाच टक्के, अनुदान शहरात पंचवीस आणि ग्रामीण भागात पस्तीस टक्के. समजा, दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात दहा लाखांचा प्रकल्प आहे. बाईने ५० हजार घालायचे, साडेनऊ लाख बँक मंजूर करणार, अनुदान साडेतीन लाख. ते साडेतीन लाख हातात येत नाहीत! ते बँकेत तिच्या कर्जखात्याच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहतात. त्यावर व्याज मिळत नाही, तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी उद्योग जागेवर चालू आहे याची तपासणी होते आणि मग ते कर्जात वळते होतात. तिसऱ्या वर्षाआधी धंदा बंद पडला तर अनुदान परत जातं आणि सगळं कर्ज तिच्या डोक्यावर. ‘सबसिडी मिळतेय म्हणून करू या’ हे वाक्य ऐकलं की मी प्रकल्प अहवालाची फाइल मिटते. या योजनांच्या मर्यादा आणि निकष अधूनमधून बदलतात. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही साधारण याच धर्तीचा आहे. अर्ज भरण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन या वर्षीचं काय आहे ते विचारावं. तिथली माणसं सांगतात. फक्त महिनाअखेरीला जाऊ नये.

तारणाचंही तसंच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या कर्जाला किमान दहा लाखांपर्यंत बँकेने तारण मागू नये असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे, आणि त्या कर्जांना सरकारी हमी निधीचं कवच मिळतं. बायकांच्या उद्योगांसाठी ते कवच जास्त आहे. तरी शाखेत ‘जामीनदार आणा, घराचे कागद आणा’ ऐकू येतं. अशा वेळी भांडायचं नाही. ‘नकार लेखी द्या’ एवढंच शांतपणे म्हणायचं. शंभरातल्या कित्येक वेळा नकार लेखी येत नाही, कर्ज पुढे सरकतं. मंडळातली एखादी निवृत्त बँकवाली किंवा शिक्षिका सोबत गेली तरी खूप फरक पडतो. बोलायचं तिने काहीच नाही, नुसतं शेजारच्या खुर्चीवर बसायचं.

मोठं कर्ज मागायचं तर मात्र मालमत्ता लागतेच, आणि तिथे आपण फार मागे आहोत. याच जिल्ह्यात, चांदवडला, १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं आणि त्यात बायकांच्या मालमत्तेच्या हक्काचा विषय लाखोंच्या साक्षीने मांडला गेला. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा १९९४ मध्येच दिला, देशाचा कायदा २००५ मध्ये बदलला. तरी निफाड-दिंडोरीतल्या द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव बघायचं तर बऱ्याचदा नवरा गेल्यावरच दिसतं. बागेत छाटणीपासून थिनिंगपर्यंत (घडातले मणी विरळ करण्यापर्यंत) आणि पॅकहाउसमध्ये घड साफ करण्यापासून पेटी भरण्यापर्यंत हात कोणाचे असतात, ते तुम्हाला सांगायला नको. नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची लक्ष्मीमुक्तीची सोय आहे. शहरात घर घेताना ते बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. मंडळाच्या कार्यक्रमात एकदा रांगोळी स्पर्धेऐवजी तलाठ्याला आणि दुय्यम निबंधक कार्यालयातल्या एखाद्या जाणकाराला बोलवा. गर्दी कमी होईल. आलेल्या मात्र वही घेऊन येतील.

एक गोष्ट नाजूक आहे. नवऱ्याचा धंदा, बायकोच्या नावाने कर्ज. सातपूर-अंबडला फिरलात तर ‘प्रोप्रायटर सौ. अमुक’ अशा पाट्यांमागे निम्म्या ठिकाणी सौ. कधी आलेल्याच नसतात. मी याकडे सरसकट फसवणूक म्हणून बघत नाही. अशा काही जणींनी पुढे खरोखरच कारभार हातात घेतलेला मी बघितलाय, सहीमुळे निदान दार उघडं राहतं. पण तिला हे ठाऊक हवं की कर्ज थकलं तर थकबाकीदार तीच, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, तिचीच खराब होणार, आणि पुढे मुलाच्या शिक्षणाला कर्ज मागताना तेच आडवं येणार. सही करण्याआधी हे तिला सांगणारं घरात कोणी नसतं. मंडळाने ते काम केलं तरी मोठं होईल.

आता गिऱ्हाईक. माझ्या मते सगळ्यात जास्त ताकद इथे लावायला हवी, आणि सगळ्यात कमी इथेच लावली जाते.

आपण बायकांना वस्तू करायला शिकवतो आणि मग डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर तीन दिवसांचा स्टॉल घेऊन देतो. स्टॉलचं भाडं, टेम्पो, दोन मुलींचा चहा-नाश्ता, उरलेला माल परत आणणं हे सगळं वजा केलं की हातात काय राहिलं, हे कोणी लिहून ठेवत नाही. प्रदर्शन वाईट नाही, ओळखी होतात. पण चौथ्या दिवशी ज्यांचा फोन येतो ते गिऱ्हाईक. स्टॉलवर वही ठेवा, नाव आणि नंबर लिहून घ्या, आणि पंधरा दिवसांनी त्यातल्या किती जणांनी पुन्हा मागवलं ते बघा. गल्ल्यापेक्षा ही वही महत्त्वाची.

नाशिकसारख्या गावात तर गिऱ्हाईक म्हणजे फक्त घरगुती गिऱ्हाईक असं धरून चालणंच चूक आहे. सातपूर, अंबड, सिन्नर एवढ्या औद्योगिक वसाहती आपल्या दाराशी आहेत. कारखान्यांना रोज काय लागतं? अॅप्रन, हातमोजे, कॅन्टीनचं जेवण, पॅकिंगचे खोके, फोमचे कप्पे, स्टिकर, साफसफाई, बिलांची डेटा एंट्री, वायर कापून टर्मिनल बसवणं. शेवटचं मी मुद्दाम लिहिलंय. नाशिक हे विजेच्या उपकरणांचं गाव आहे, स्विचगिअर आणि पॅनेलच्या असेंब्ली लाइनवर बायका वर्षानुवर्षं काम करतायत. वायर हार्नेस (तारांचा जुडगा) कसा बांधायचा, क्रिम्पिंग (तारेवर टर्मिनल दाबून बसवणं) कुठे फसतं, ड्रॉइंग कसं वाचायचं हे त्यांच्या बोटांत आहे. लग्न, बाळंतपण, शिफ्ट न जमणं अशा कारणांनी त्या घरी बसल्या. या बायकांना आपण शिबिरात बोलावून मेणबत्त्या शिकवतो! त्यांना चौघी-पाचजणींचं जॉबवर्क युनिट काढून देणं हे मेणबत्त्यांपेक्षा सोपं आहे. क्रिम्पिंगचं हाताचं साधन, टेबल, चांगला उजेड आणि तपासणीची शिस्त एवढ्यावर सुरुवात होते. अवघड आहे ती पहिली ऑर्डर. ती बाई कारखान्याच्या गेटवर गेली तर सुरक्षारक्षक आत सोडत नाही. तुमच्या मंडळात ज्यांचे नवरे, भाऊ, दीर कंपन्यांच्या खरेदी विभागात आहेत, त्यांची यादी करा. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांकडे जा. पाच खरेदी अधिकाऱ्यांना चहाला बोलवा आणि एकच विचारा, ‘तुम्ही बाहेरून करून घेता अशी कुठली छोटी कामं वेळेवर मिळत नाहीत?’ त्या यादीवरून उलटं मागे या आणि मग ठरवा काय शिकवायचं.

सरकारी खरेदीचीही एक तरतूद फार कमी जणींना माहीत आहे. केंद्राची मंत्रालयं आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा, आणि त्यात ३ टक्के बायकांच्या मालकीच्या उद्योगांकडून, असं धोरण आहे. आपल्याकडे ओझरला एचएएल हा विमानांचा कारखाना आहे, नाशिकरोडला नोटांचा आणि सिक्युरिटी प्रेसचा कारखाना आहे. दोन्ही केंद्र सरकारच्या कंपन्या. तिथे विमानाचे भाग किंवा नोटांचा कागद पुरवायचा नाहीये. गणवेश, स्टेशनरी, फर्निचरची दुरुस्ती, खानपान हेही कोणाकडून तरी घेतलं जातंच. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नोंदणी लागते, टेंडरची भाषा रुक्ष असते, पहिलं वर्ष बहुधा काहीच मिळत नाही. पण एकदा पुरवठादार म्हणून नाव लागलं की बँकेत त्याचं वजन वेगळं असतं.

कंपन्यांना माल द्यायचा म्हटलं की पैसे उशिरा येणार हा प्रश्न आलाच. कायदा बायकांच्या बाजूने आहे, फक्त त्यांना ठाऊक नसतो. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. व्याज मागून गिऱ्हाईक तोडायला कोणी तयार नसतं, हे मलाही समजतं. पण १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यात बदल झाला. मुदत उलटली आणि वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की कंपन्यांचे अकाउंट्सवालेच फोन करून विचारतात, ‘तुमचा उद्यम नंबर आहे का?’ म्हणून प्रत्येक बिलावर तो नंबर छापलेला हवा. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्यांनाच हा फायदा आहे, नुसता माल घेऊन विकणाऱ्यांना नाही.

निधी कुठे घालावा, याचं माझं उत्तर याच जागी आहे. समजा, एका बाईला कंपनीकडून अॅप्रनची ऑर्डर मिळाली. कापडाला अठरा हजार लागतात. शिवायला पंधरा दिवस, पैसे यायला पंचेचाळीस. हे दोन महिने निभवायला तिच्याकडे काही नसतं. बँक यंत्राला कर्ज देते, खेळत्या भांडवलाला हात आखडता घेते. मग कापडासाठी ती जाते ग्रुप लोनवाल्यांकडे. मंडळाने लाखभराचा फिरता निधी ठेवावा, लेखी ऑर्डर बघावी आणि पैसे बाईच्या हातात न देता थेट कापडवाल्याला द्यावेत. कंपनीचे पैसे आले की निधी परत, वर थोडंसं सेवाशुल्क. दोन महिन्यांचं चक्र धरलं तर तोच लाख वर्षात सहा वेळा फिरतो. एकीनं बुडवलं तर नुकसान एका ऑर्डरपुरतं. शिलाई मशिनं वाटून फोटो जास्त चांगला येतो हे खरं आहे, पण वाटलेल्या मशिनांवर पुढे कापड झाकलेलं मी इतक्या घरांत पाहिलंय की आता मला ते बघवत नाही.

ग्रुप लोनबद्दल सावध करते. वस्तीवस्तीत आठवड्याच्या हप्त्याच्या कंपन्या आहेत. एकीतून हप्ता भरायला दुसरीतून, दुसरीसाठी तिसरीतून. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. नियम कागदावर ठीक आहे, पण त्या घराचं उत्पन्न किती लिहिलं जातं ते लिहिणाऱ्याच्या हातात. नवीन धंद्यात तीन-चार महिने तरी काही सुटत नाही आणि हप्ता पुढच्याच आठवड्यापासून सुरू होतो. अशा कर्जावर नवा उद्योग उभा करू नका. चालू धंद्यातला माल भरायला एखाद वेळी घेतलं तर समजू शकते.

बचत गटाबद्दल माझं मत काही जणींना आवडत नाही. माविम आणि उमेद या राज्य सरकारच्या यंत्रणांनी गट बांधले, बायका बँकेची पायरी चढल्या, हे फार मोठं काम आहे. पण बचतीला दहा जणी चांगल्या, धंद्याला दहा मालकिणी जड. कोणी माल आणायचा, कोणी उन्हात उभं राहायचं, कोणाच्या घरी वजनकाटा, यावरून दुसऱ्या महिन्यात कुरबुर सुरू होते. जिथे गटाचा धंदा चाललाय तिथे बहुधा एकच बाई खरी चालवणारी आहे आणि बाकीच्या तिच्याकडून मजुरी किंवा पुरवठ्याचे पैसे घेतात. ते उघडपणे तसंच ठरवा. लिज्जतची सुरुवात १९५९ मध्ये गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन केली, ही गोष्ट सगळे सांगतात. पण तिथली कामाची मांडणी फार कमी जण सांगतात. पीठ एका जागी मळलं जातं, बायका ते घरी नेतात, लाटलेले पापड परत येतात, तपासले जातात आणि मजुरी चुकती होते. चव एकीकडे बांधलेली, लाटणं हजार घरांत. मंडळाला पापडातच काम करायचं असेल तर पाककृतीपेक्षा ही मांडणी घ्या.

घराबद्दल थोडंसंच, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. येवल्यात पैठणीच्या घरांत गेलात तर मागावर कोणीही बसलेलं असो, कांड्या भरणारी (विणायचं सूत नळीवर गुंडाळणारी) बहुतेक वेळा बाईच असते. तिच्या कांड्या थांबल्या तर माग थांबतो, पण त्याची मजुरी वेगळी कोणी काढत नाही. तिला विचारलं तर म्हणते, ‘मी काही करत नाही, घरीच असते.’ अशा घरातल्या सुनेला वेगळा उद्योग काढ म्हणण्याआधी, चालू उद्योगातला तिचा वाटा तिच्या खात्यावर यायला लागला तर तेच जास्त सोपं. आणि हे सासूबाईंना सोबत घेऊनच होतं. मी तर सांगते, शिबिराला सून आणि सासू दोघींना एका पासवर बोलवा. सकाळी दहाची वेळ ठेवू नका. पाणी, डबे, शाळा उरकून बाई मोकळी होते दुपारी बाराला आणि तीन वाजता तिला परत जायचं असतं. मुलांना बसायला एक खोली द्या. एसटीचं अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून झालंय, त्यामुळे सिन्नर-चांदवडच्या बायका शहरात माल घेऊन येणं आता परवडतं. त्याचा उपयोग करून घ्या.

सिंहस्थ २०२७ चा विषय सध्या प्रत्येक बैठकीत निघतो. मागणी येणार यात शंका नाही: प्रसादाची पाकिटं, कापडी पिशव्या, घरगुती मुक्काम, जेवणाचे डबे. करा, जरूर करा. पण काही महिन्यांच्या गर्दीसाठी पाच वर्षांचं यंत्राचं कर्ज काढू नका. यंत्र भाड्याने मिळतं, जागा भाड्याने मिळते. गर्दी ओसरल्यावर कोणाला विकणार, याचं उत्तर आत्ता तोंडपाठ असेल तरच खरेदी.

आता पुढच्या वर्षाचं म्हणाल तर नवीन शंभर बायका गोळा करू नका. आधीच्या शिबिरांतल्या ज्यांचा धंदा आजही धुगधुगतोय अशा बारा-पंधरा निवडा आणि दीड वर्ष त्यांच्याच मागे राहा. सगळ्यांना मिळून एक हिशेबनीस द्या, जो महिन्यातून एकदा प्रत्येकीकडे बसेल. निधीचा काही भाग त्याच्या मानधनात गेला तरी चालेल. पहिल्या बैठकीला येताना प्रत्येकीला तीन गोष्टी आणायला सांगा: बँकेचं पासबुक, गेल्या महिन्यातली खरेदीची बिलं आणि सगळ्यात जास्त खपणारी एक वस्तू तिच्या किमतीसकट. बिलं नसतील तर नसू देत, पण पासबुक तिच्याच नावाचं हवं. नसेल तर बैठक संपल्यावर तिच्याबरोबर बँकेत जायला मंडळातली एक जण त्याच दिवशी मोकळी ठेवा.